वाचकांचे प्रश्न: आईची नशा, मुलाचा ताबा आणि ट्राइबचं कोर्ट

गेल्या अंकात मी माझ्या कामाबद्दल थोडंसं लिहिलं होतं. अमेरिकेत मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात ओजिब्वे या मूलनिवासी लोकांच्या एका रिझर्वेशनवर (म्हणजे त्यांच्यासाठी राखलेल्या जमिनीवर) ट्राइबचं स्वतःचं कोर्ट आहे, त्यात नशेतून बाहेर पडू पाहणाऱ्या आईबाबांसाठी एक प्रोग्राम चालतो, ज्यांची मुलं काढून घेतली गेलीयेत किंवा जाऊ शकतात अशांसाठी, आणि मी त्याची कोऑर्डिनेटर आहे, एवढंच. त्यावर एवढे प्रश्न आले की हा सगळा कॉलम त्यातच जाणार. एक आधीच सांगते, ट्राइबचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये, कारण वस्ती इतकी छोटी आहे की "दोन मुलांची आई, पेट्रोल पंपावर कामाला" एवढं म्हटलं तरी सगळ्यांना कळतं कोण ते. जे प्रसंग सांगतेय त्यातले तपशील बदललेले आहेत.

प्रश्न: ताई, ट्राइबचं वेगळं कोर्ट म्हणजे आपल्याकडच्या जातपंचायतीसारखं काही असतं का? आणि तुम्ही नेमकं करता काय? जज नाही, वकील नाही, डॉक्टर नाही. (निवृत्त शिक्षक, सातारा)

सर, जातपंचायत नाही हो. अमेरिकेत पावणेसहाशेच्या आसपास मूलनिवासी ट्राइब्स अशा आहेत ज्यांना केंद्र सरकार स्वतंत्र सरकार म्हणून मान्यता देतं. त्यांचे कायदे असतात, निवडून आलेली कौन्सिल असते, आणि बऱ्याच जणांची कोर्टंही असतात, लेखी नियम, लेखी निकाल, अपील असं सगळं असलेली. (आणि कृपया "रेड इंडियन" म्हणू नका, मला दर वेळी पोटात कसंतरी होतं.) ड्रग कोर्ट ही कल्पना मुळात मायामीत 1989 मध्ये सुरू झाली, म्हणजे नशेमुळे गुन्ह्यात सापडलेल्या माणसाला नुसतं जेलमध्ये न टाकता जजच्या देखरेखीखाली उपचार द्यायचे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ट्राइब्सनी ती आपल्या पद्धतीने घडवली आणि नाव ठेवलं हीलिंग टू वेलनेस कोर्ट. नावात ड्रग नको, बरं होणं हवं, एवढा साधा विचार त्यामागे आहे आणि मला तो फार आवडतो. काही ठिकाणी तर ट्राइबचा जज आणि राज्याचा जज शेजारी शेजारी बसतात, आमच्याच राज्यात लीच लेक ओजिब्वे आणि कॅस काउंटीने 2006 पासून असं जॉइंट कोर्ट सुरू केलं.

आता मी काय करते. एक बुधवार सांगते म्हणजे कळेल. आमच्याकडे प्रत्येक आईला किंवा वडिलांना एक रंग दिलेला असतो आणि रोज सकाळी एका नंबरवर फोन करून आज कुठला रंग आहे ते ऐकायचं, आपला रंग आला तर त्या दिवशी लघवीची टेस्ट. त्या दिवशी निळा होता. निळ्या रंगाची एक मुलगी (मुलगीच म्हणते, 23 वर्षांची आहे) टेस्टच्या जागेपासून 38 मैल लांब राहते, बस नाही, लायसन्स गेलेलं, बाहेर उणे 27. तिच्यासाठी गाडी शोधली. तेवढ्यात उपचार केंद्रातून फोन, दुसऱ्या एकीसाठी शुक्रवारी दुपारी दोनला बेड रिकामा होतोय, हवा असेल तर आत्ता सांगा, पण तिचं टीबीचं टेस्टिंग झालेलं नाही, आयडी कार्ड हरवलंय, आणि शुक्रवारीच तीन वाजता तिची मुलाशी भेट ठरलेली. बेड सोडला तर पुढचा कधी मिळेल सांगता येत नाही, आणि भेट रद्द केली तर चार वर्षांच्या पोराला सांगायचं काय? हे जे मधलं असतं ना, दोन खात्यांच्या, दोन फोनच्या, दोन कागदांच्या मधलं, ते माझं काम. भेट गुरुवारी सकाळी घेतली, टीबीची टेस्ट आमच्या क्लिनिकच्या नर्सने जेवणाची सुट्टी सोडून केली.

मग नऊ वाजता टीमची मीटिंग. जज, समुपदेशक, बालकल्याणची वर्कर, आईचा वकील, मुलाच्या बाजूने बोलणारी व्यक्ती, आणि एक एल्डर, म्हणजे समाजातली वडीलधारी, सगळे मान देतात अशी आजी. प्रत्येक घराची आठवड्यात काय अवस्था आहे ते मी एका पानात मांडते. त्या एका पानासाठी मला सोमवार-मंगळवार अख्खे लागतात, कारण उपचारांची माहिती गुप्त ठेवायचा केंद्राचा कायदा खूप कडक आहे, पेशंटच्या लेखी संमतीशिवाय एक ओळसुद्धा मिळत नाही आणि ते बरोबरच आहे. दुपारी एकला सुनावणी. जज वर उंच बसत नाहीत, आमच्याच टेबलाला बसतात, एल्डर सेज नावाची सुवासिक वनस्पती पेटवून तिचा धूर फिरवते, थोडं ओजिब्वेत बोलते, आणि मग जज पहिला प्रश्न विचारतात तो टेस्टचा कधीच नसतो. "तुझी आजी कशी आहे? गुडघ्याचं ऑपरेशन झालं का?" असं विचारतात. मी नवीन होते तेव्हा मला वाटायचं वेळ चाललाय. आता कळतं की ज्या बाईला गेली कित्येक वर्षं सगळे फक्त नशेबद्दलच विचारतायत तिला कोणाची तरी नात म्हणून विचारणं ही काय चीज आहे.

याबद्दल अजून वाचायचं असेल तर कॅलिफोर्नियातल्या युरोक ट्राइबच्या जज ॲबी ॲबिनांटी यांच्याबद्दल वाचा. 1974 मध्ये कॅलिफोर्नियात वकिलीची सनद मिळवणाऱ्या त्या पहिल्या मूलनिवासी बाई, पुढे युरोकच्या मुख्य न्यायाधीश झाल्या, आणि समोरचा माणूस आपल्या गावाचा, आपल्या माणसांचा आहे इथून सुरुवात करून कोर्ट कसं चालवायचं हे त्यांनी दाखवून दिलंय.

प्रश्न: राग मानू नका, पण जी आई नशा करते तिला एवढ्या संधी का द्यायच्या? मुलाला चांगल्या घरी दत्तक द्यावं आणि मोकळं व्हावं. मुलाचं भलं त्यातच नाही का? (गृहिणी, नाशिक)

राग नाही ताई, हा प्रश्न मला इथेही विचारतात, आणि मुलाच्या काळजीपोटीच विचारतात. आधी एक स्पष्ट सांगते, घरात धोका असेल तर मूल घरात ठेवत नाहीत. त्याच रात्री हलवतात. प्रश्न असतो कुठे हलवायचं आणि पुढे काय.

आणि तिथे इतिहास मधे येतो, तो माहीत नसेल तर आमचं कोर्ट अति मवाळ वाटेल. 1879 मध्ये पेनसिल्व्हेनियात कार्लाइलची बोर्डिंग शाळा निघाली आणि मग तशा कितीतरी निघाल्या, मुलं घरून न्यायची, केस कापायचे, भाषा बोललं तर शिक्षा. म्हणजे अनेक पिढ्यांना आईबाप कसे वागतात हे बघायलाच मिळालं नाही. शाळांचा जोर ओसरला तर दत्तक सुरू झालं, 1958 ते 1967 या काळात सरकारी मदतीने चाललेला एक प्रकल्पच होता, मूलनिवासी मुलं गोऱ्या घरांत दत्तक द्यायचा. सत्तरच्या दशकात जेव्हा मोजदाद झाली तेव्हा 25 ते 35 टक्के मूलनिवासी मुलं आपल्या घरापासून तोडलेली निघाली. प्रत्येक तीन-चार मुलांत एक! आणि प्रत्येक वेळी कारण हेच सांगितलेलं, मुलाचं भलं.

म्हणून 1978 मध्ये इंडियन चाइल्ड वेल्फेअर ॲक्ट आला. त्याप्रमाणे मूल हलवायचं झालं तर आधी नातेवाईक, मग त्याच ट्राइबमधलं घर, मग दुसऱ्या ट्राइबमधलं घर. केस राज्याच्या कोर्टात असेल तर ट्राइब ती आपल्या कोर्टात मागू शकते. आणि घर मोडायच्या आधी "ॲक्टिव्ह एफर्ट्स" करायला लागतात, म्हणजे आईच्या हातात उपचार केंद्रांच्या फोन नंबरांची यादी दिली आणि झालं, असं नाही चालत, तिला गाडीत बसवून तिथे न्यायचं. मिनेसोटाने 1985 मध्ये आपला वेगळा कायदाही केला. केंद्राच्या कायद्याला मधे आव्हान दिलं होतं, पण 2023 च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने 7 विरुद्ध 2 असा तो कायम ठेवला. त्या दिवशी आमच्या ऑफिसात कोणी काम केलं नाही, आमची एल्डर खुर्चीत बसून नुसती रडत होती. तिचे दोन भाऊ लहानपणी नेले होते, एक अजून सापडलेला नाही.

दुसरी अडचण घड्याळाची. 1997 च्या केंद्राच्या एका कायद्याप्रमाणे मूल गेल्या 22 महिन्यांपैकी 15 महिने सरकारी देखरेखीत असेल तर राज्याला साधारणपणे आईबापांचा हक्क संपवायची कारवाई सुरू करायला लागते, काही अपवाद आहेत. त्यामागचा हेतू चांगला होता, मुलं वर्षानुवर्षं लटकत राहू नयेत. पण ओपिऑइडच्या, म्हणजे हेरॉइनसारख्या अफूच्या जातीच्या, नशेतून सावरायला वर्षं लागतात, त्यात बेड मिळायला वेळ, घर मिळायला वेळ, एकदा-दोनदा घसरणं आलंच. आईचं घड्याळ वेगळं, कायद्याचं वेगळं, मुलाचं तर फारच वेगळं, त्याला एक उन्हाळा म्हणजे अख्खं आयुष्य. ही तीन घड्याळं एका टेबलावर आणून बघणं, यासाठीच हे कोर्ट आहे असं मला वाटतं.

आणि समजा आई नाहीच सावरली, तरी बऱ्याच ट्राइब्समध्ये पारंपरिक दत्तक असतं, त्यात मूल मावशीच्या किंवा आत्याच्या घरचं होतं पण आईचं नातं कागदावर पुसून टाकत नाहीत. आपल्याकडेही मामाकडे वाढलेली पोरं असतातच की, त्यांना कोणी सांगत नाही की तुझी आई आता तुझी आई नाही.

प्रश्न: माझा नातू न्यू जर्सीत जन्मला. तो इंडियन चाइल्ड वेल्फेअर ॲक्ट आपल्या मुलांना लागू होतो का? (आजी, पुणे)

नाही आजी. तिथे "इंडियन" म्हणजे अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त ट्राइबचं मूल, कायद्यात तोच जुना शब्द राहिलाय. तुमच्या नातवाला त्याच्या राज्याचे नेहमीचे कायदे.

प्रश्न: मेथाडोनसारखी औषधं देतात असं वाचलं, ही एक नशा सोडवून दुसरी लावणंच झालं ना? (फार्मसीचा विद्यार्थी, लातूर)

तू फार्मसीचा आहेस म्हणून थोडक्यात. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही ओपिऑइडच्या आजाराची औषधं आहेत, ठराविक डोसात, डॉक्टरच्या देखरेखीत, आणि ती चालू असताना ओव्हरडोसने मरण्याचा धोका खूप कमी होतो. औषध बंद करायची अट कोर्टाने घालायची नसते, तो डॉक्टर आणि पेशंटचा निर्णय. आमच्या टीममध्येही पूर्वी "औषधावर आहे म्हणजे क्लीन नाही" म्हणणारे होते. नंतर एका वर्षात दोन अंत्यविधींना जाऊन आल्यावर ती चर्चा थांबली.

प्रश्न: टेस्ट पॉझिटिव्ह आली तर मुलाची भेट बंद करायची, असा नियम का नाही? आईला मुलाहून जास्त कशाची किंमत असणार? त्या भीतीनेच ती सोडेल. (बँक कर्मचारी, कोल्हापूर)

हाच प्रश्न माझ्या सगळ्यात जवळचा आहे, म्हणून जरा लांबण लागेल.

सुरुवातीला मलाही हेच वाटायचं. लॉजिक सरळ आहे, सगळ्यात प्रिय गोष्ट हातात धरा आणि म्हणा सोड. पण नशा हा आजार भीतीने जात असता तर केव्हाच गेला असता, मुलं काढून नेली त्या रात्रीच गेला असता. होतं उलटं. मुलाची भेट तुटली की आईला वाटतं आता उरलंच काय, आणि ती त्याच रात्री परत तिकडे जाते. आणि मुलाचा काय गुन्हा? टेस्ट आईची पॉझिटिव्ह आली आणि शिक्षा चार वर्षांच्या पोराला, असं कुठल्या न्यायात बसतं? फॅमिली ट्रीटमेंट कोर्टांसाठी, म्हणजे आमच्यासारख्या आईबापांच्या नशेच्या कोर्टांसाठी, 2019 मध्ये देशपातळीवर मानकं निघाली, त्यातही हेच आहे की आईमुलाचा वेळ हा बक्षीस म्हणून द्यायचा नाही आणि शिक्षा म्हणून काढायचा नाही. भेट कमी करायची तर कारण एकच, त्या भेटीत मुलाला धोका आहे का.

एक प्रसंग सांगते. मंगळवारी एका आईची टेस्ट मेथ या ड्रगसाठी (मेथाडोन नव्हे) पॉझिटिव्ह आली, गुरुवारी मुलीशी भेट होती. बुधवारच्या मीटिंगमध्ये दोन तट पडले. बालकल्याणची वर्कर म्हणाली थांबवा, आणि ती चुकीची नव्हती, तिने यापूर्वी वाईट भेटी पाहिलेल्या. शेवटी असं ठरलं की भेट होईल, पण आमच्या खोलीत, एक जण हजर, आणि दारात आधी बघायचं की ती आत्ता शुद्धीत आहे ना. ती वेळेआधी वीस मिनिटं आली. हातात केस विंचरायचा ब्रश आणि एका पुडीत रंगीत रबरबँड. मुलगी आली, काही बोलली नाही, सरळ आईच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये पाठ करून बसली. आईने वेणी घालायला घेतली. ओजिब्वे लोकांत केसांना फार मान आहे, बोर्डिंग शाळेत तेच आधी कापायचे. मुलगी एकेक रबरबँड मागे न बघता वर धरायची आणि आई घ्यायची. एक तास. आईचा हात थरथरत होता म्हणून वेणी दोनदा सोडून परत घातली. जाताना मुलगी म्हणाली, पुढच्या वेळी मी जांभळे आणणार.

ती आई त्यानंतर सुधारली असं मला लिहिता आलं असतं तर किती बरं झालं असतं. ती अजून दोनदा घसरली. पण प्रत्येक वेळी स्वतः फोन करून सांगितलं, टेस्टची वाट न बघता, आणि ज्याने हे काम केलंय त्याला कळेल की हा फरक केवढा मोठा आहे. कारण तिला माहीत होतं की खरं बोललं तर गुरुवार जाणार नाही. मुलगी सध्या तिच्या मावशीकडे आहे, आई शनिवार-रविवार तिथेच राहते. केस अजून चालू आहे.

शिक्षा नसतातच असं नाही. खोटं बोललं, टेस्ट चुकवली तर जास्त वेळा हजेरी, निबंध, समाजाचं काम, असं असतं. पण या क्षेत्रात एक साधा हिशोब सांगतात, एका शिक्षेमागे चार शाबासक्या. आमच्याकडे प्रत्येक टप्प्याला एक मणी देतात, एल्डर स्वतः ओवून देते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तळ्यात मनूमिन, म्हणजे जंगली तांदूळ, काढायचा हंगाम असतो, होडीत बसून काठ्यांनी दाणे झोडपून पाडायचे, सगळी घरं तळ्यावर. पहिल्या वर्षी मी त्या आठवड्यात सुनावण्या लावल्या होत्या आणि अर्धे लोक आलेच नाहीत. मी गैरहजेरीची यादी करायला घेतली तर एल्डरने कॅलेंडर माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाली, तू बरं होण्याच्याच जागेवरून त्यांना बोलावतेयस. आता त्या आठवड्यात आम्हीच तळ्यावर जातो.

प्रश्न: मी गडचिरोलीत गाव पातळीवर काम करतो. आपल्याकडे असं काही करता येईल का? (कार्यकर्ता, धानोरा तालुका)

दादा, तुम्ही मला शिकवाल अशी परिस्थिती आहे, मी वर्ध्याची असूनही तुमच्या भागात मोजून दोनदा आलेय. आपल्याकडे आदिवासींचं असं वेगळं कोर्ट कायद्यात नाही, फॅमिली कोर्ट मुख्यतः नवरा-बायकोचे वाद बघतं, आणि संकटातल्या मुलांचं काम बालकल्याण समितीकडे. आईबापाचं व्यसन एका खात्यात, मूल दुसऱ्या खात्यात, दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत. हे दुखणं इथेही तेच होतं.

पण तुमच्याकडे जे आहे ते इथल्या कितीतरी लोकांना नाही. 1996 च्या पेसा कायद्याने, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्याने, ग्रामसभेला दारूबंदी किंवा नियंत्रणाचा अधिकार दिलाय, जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे आणि ती लोकांनी, विशेषतः बायांनी लढून आणलीय, 2016 पासून मुक्तिपथ हे व्यसनमुक्तीचं अभियान गावागावात काम करतंय, दारू आणि खर्रा दोन्हीवर. त्यात एक जोडता येईल असं मला मनापासून वाटतं. गावात ज्या घरात व्यसन आहे आणि लहान मुलं आहेत, अशा घराच्या संमतीने एक छोटी बैठक, दर पंधरा दिवसांनी, आशाताई, अंगणवाडीताई, गावातली एक मान असलेली म्हातारी, घरातलं माणूस, आणि कोणीतरी एकजण जो फक्त आठवण ठेवतो की कोणी काय करायचं ठरलं होतं. कोर्ट नको, शिक्षा नको, आणि चारचौघांत नाव तर अजिबात नको. दंड आणि बहिष्कार आला की ते बिघडलं समजा.

आणखी एक. मोहाच्या दारूचा देवाच्या कामात मान आहे, तो प्रश्न तुमच्यापुढे येतच असेल. ओजिब्वेंचा तंबाखू पवित्र आहे, झाडाला, पाण्याला, एल्डरला चिमूटभर तंबाखू वाहिल्याशिवाय काही मागत नाहीत. पण एल्डर स्वतः पोरांना सांगतात की वाहायचा तंबाखू वेगळा आणि दुकानातलं सिगरेटचं पाकीट वेगळं. बाहेरच्याने हे सांगितलं असतं तर कोणी ऐकलं नसतं. तुमच्याकडेही हे गावच्या पुजाऱ्याने, भूमकाने सांगितलं तरच पोचेल.

प्रश्न: नाव छापू नका. माझी वहिनी पिते. भाऊ दुबईला. दोन्ही मुलं (9 आणि 5) चार महिने आमच्याकडे आहेत. आई म्हणते तिला मुलांची तोंडं दाखवायची नाहीत, पूर्ण सोडल्याशिवाय. मुलं रात्री रडतात. मी काय करू? (डोंबिवली)

सगळ्यात आधी, तू मुलांना सांभाळतेयस, ते फार मोठं काम आहे.

वहिनी रोज आणि जास्त पीत असेल तर तिला "उद्यापासून एकदम बंद कर" असं म्हणू नका. दारू एकदम तोडल्यावर फिट येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446, फुकट आहे, घरच्यांनाही बोलता येतं. पुण्यात मुक्तांगण 1986 पासून हे काम करतंय. आणि तुझ्या आईसाठी अल-ॲनॉनच्या मीटिंग असतात, पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी, तिचा राग खरा आहे आणि तो कुठेतरी बोलून निघायला हवा.

भेट सुरू कर. पूर्ण सोडेपर्यंत नाही, ती भेटीच्या वेळी शुद्धीत असेल तर, एवढीच अट. रविवारी सकाळी अकरा, दर आठवड्याला तीच वेळ, तीच जागा, तुमचं घर नको वाटलं तर बाग चालेल, तू तिथेच थांब. वास आला तर त्या दिवशी नाही, पण भांडण न करता, "पुढच्या रविवारी अकरा" एवढंच म्हण. मोठ्याला खरं सांग, आईला आजार आहे, तुझ्यामुळे झालेला नाही, तू बरा करू शकत नाहीस. धाकटीला तारीख ठरल्याशिवाय "आई येणार" असं सांगू नको.

आणि आज रात्री वहिनीला फोन करशील तेव्हा पिण्याबद्दल काही विचारू नकोस. पोरांनी आज डब्यात काय नेलं ते सांग.